टेबल कोण मांडणार? नवख्या लिनक्सकरासाठी डेस्कटॉपची निवड

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय वरवर छोटा वाटेल. एखाद्यानं लिनक्स वापरायचं ठरवलं, डिस्ट्रोही जवळजवळ नक्की झाली, आणि डाउनलोडच्या पानावर पहिलाच प्रश्न उभा राहतो: ग्नोम, केडीई, सिनॅमन, माटे की एक्सएफसीई? विंडोजमधून आलेल्या माणसाला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेलाच नसतो. तिथं पडदा जसा मिळाला तसा वापरायचा. मग तो गोंधळतो, कुणा जाणकाराला विचारतो, आणि त्याला ठरलेलं उत्तर मिळतं: "सगळे लावून बघा, आवडेल तो ठेवा."

हे उत्तर ऐकायला उदार आहे. आमच्या मते नवख्या माणसासाठी ते वाईट उत्तर आहे. आज आपण एकेका डेस्कटॉपबद्दल बोलूच, पण त्याआधी या सल्ल्याची समीक्षा करू.

हा प्रश्न आत्ताच का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. काहींना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, पण त्यानं प्रश्न फक्त पुढं ढकलला गेला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे हार्डवेअर धडधाकट असलेली कितीतरी यंत्रं एका तारखेनं 'जुनी' ठरली.

याचा परिणाम असा झाला की लिनक्सकडे येणाऱ्यांची जात बदलली. पूर्वी यायचे ते हौशी. काही बिघडलं तर त्यांना आनंदच व्हायचा, कारण दुरुस्त करायला मिळायचं! आता येतात ते निवृत्त शिक्षक, सोसायटीचे सचिव, दुकानाचा हिशेब ठेवणारे, मुलीचा अभ्यास घेणारी आई. यांना ऑपरेटिंग सिस्टीमची आवड नाही. त्यांना यंत्र चालू ठेवायचं आहे. आम्ही काही मंडळी अशा लोकांना लिनक्स बसवून द्यायला मदत करतो, आणि आमचं निरीक्षण असं की पहिला आठवडा फसला तर दुसरा येत नाही. यंत्र भंगारात जातं, किंवा सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार पूर्ववत सुरू राहतात. म्हणून पहिल्या दिवशी पडद्यावर काय दिसतं हा केवळ सजावटीचा मुद्दा राहत नाही.

डेस्कटॉपमध्ये काय येतं, काय येत नाही

पॅनेल, मेन्यू, खिडक्यांच्या चौकटी, फायली उघडायचा प्रोग्रॅम, सेटिंग्ज, सूचना हे सगळं मिळून डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. कामाचं टेबल मांडल्यासारखं समजा. खण कुठं, दिवा कुठं, पेन कुठल्या हाताला. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी हे त्या टेबलावर ठेवलेलं सामान. टेबल कुठलंही घ्या, सामान तेच. खालची जमीनही तीच: कर्नल, प्रिंटरची यंत्रणा, वायफाय.

एवढं कळलं तरी निम्मी भीती जाते. केडीई घेतलं म्हणून ग्नोमसाठी लिहिलेला प्रोग्रॅम चालणार नाही असं होत नाही. जरासा परका दिसेल, इतकंच.

"आवडेल तो ठेवा" का नको?

पहिलं कारण. अर्ध्या तासात आवड कळत नाही, फक्त ओळख आहे की नाही ते कळतं. सिनॅमन समोर ठेवलं की विंडोजवाला म्हणतो, "हे बरं आहे". डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. ग्नोम ठेवलं की म्हणतो, "मिनिमाइझचं बटण कुठं गेलं?" दोन्ही प्रतिक्रिया खऱ्याच, पण त्या त्याच्या सवयीबद्दल सांगतात. महिन्यानंतर काय वाटेल त्याचा त्यातून अंदाज लागत नाही.

दुसरं. 'सगळे लावून बघा' हे लोक एकाच यंत्रावर, एकाच खात्यात करतात. मग मेन्यूत दोन कॅल्क्युलेटर, तीन टेक्स्ट एडिटर. एका डेस्कटॉपची थीम दुसऱ्यात डोकावते, लॉगिनचा पडदा बदलतो. तज्ज्ञाला हे निस्तरता येतं. नवखा म्हणतो, लिनक्स म्हणजे पसारा. बघायचंच असेल तर पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालवून बघावं. हार्ड डिस्कला हातही लागत नाही.

तिसरं, मेमरी. "तुमचं यंत्र जुनं आहे, हलका डेस्कटॉप घ्या" हा सल्ला अर्धाच खरा. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी ग्नोमपेक्षा कमी रॅम घेतात हे बरोबर. पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की तो फरक कुठल्या कुठं जातो. यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी घाला. दोनच जीबी रॅम असेल तर मात्र एक्सएफसीईकडे जा, तिथं वाद नाही. चार जीबीला हलकं घेतलेलं बरं. आठ जीबी असेल तर वजनावरून निवड करायचं कारण उरत नाही.

मग कशावरून निवडायचं? आमच्या मते तीन प्रश्न विचारावेत. टेबल कोण मांडतं? आजवर ते कितीदा उलथवलं गेलं? आणि त्यावर मराठी नीट बसते का?

टेबल कोण मांडतं?

इथं थोडा इतिहास लागतो. १९९६ मध्ये जर्मनीत मथियास एट्रिख यांनी केडीई सुरू केलं. ते क्यूटी नावाच्या संचावर उभं होतं, आणि त्या काळी क्यूटीचा परवाना पुरेसा मुक्त नव्हता. त्याला उत्तर म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम काढलं. २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली आलं. भांडणाचं मूळ कारण मिटलं, पण दोन चुली राहिल्या त्या राहिल्याच. कारण तोवर दोन्ही घरांचे स्वभाव वेगळे झाले होते.

ग्नोमचा स्वभाव असा: प्रत्येक जास्तीच्या सेटिंगची किंमत असते. ती तपासावी लागते, सांभाळावी लागते, वापरणाऱ्याला वाचावी लागते. म्हणून शक्य ते निर्णय आपणच घ्यायचे. हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ च्या सुमारास हा विचार स्पष्टपणे मांडला आणि ग्नोम अजून त्याच वाटेवर आहे. मूळ ग्नोममध्ये मिनिमाइझ-मॅक्सिमाइझची बटणं नसतात, पडद्यावर फायलींची चिन्हं नसतात. सुपर की दाबायची, नाव टाइप करायचं, प्रोग्रॅम उघडायचा. पंधरा दिवस तसं काम केलं की त्यातली शिस्त कळते. लक्ष खरोखर कमी विचलित होतं. दृष्टिहीनांसाठीचा ऑर्का हा स्क्रीन रीडरही याच घरातला, हे ग्नोमच्या जमेच्या बाजूला नोंदवलंच पाहिजे.

पण ग्नोमचा निर्णय पटला नाही की माणूस 'एक्स्टेन्शन' शोधू लागतो. ही एक्स्टेन्शनं बहुतेक बाहेरच्या लोकांची. ग्नोम दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतं, आणि त्यात काही एक्स्टेन्शनं मोडतात. म्हणून आमचं म्हणणं, ग्नोम घ्यायचं तर आहे तसं घ्या, किंवा डिस्ट्रोनं स्वतः बदलून दिलेलं घ्या. उबुंटूत डावीकडची पट्टी आणि खिडक्यांची बटणं डिस्ट्रोच पुरवते आणि तीच सांभाळते. सात एक्स्टेन्शनं घालून ग्नोमचं विंडोज करायला निघालेला नवखा स्वतःच्या डोक्याला ताप करून घेतो.

केडीई प्लाझ्माचा स्वभाव उलट. निर्णय तुमचा. पॅनेल वर, खाली, बाजूला, दोन, तीन, हवं तसं. पूर्वी ही सढळता नवख्याच्या अंगावर यायची. एका क्लिकमध्ये फाइल उघडायची ही जुनी ठेवण विंडोजवाल्याला हमखास चकवायची. २०२४ च्या प्लाझ्मा ६ मध्ये डबल क्लिक हे मूळ सेटिंग झालं. बदल छोटा, पण दिशा सांगणारा. आजचं प्लाझ्मा आल्या आल्या साधं दिसतं आणि खोलात गेलं तर भांडार उघडतं. धोका एकच: कुतूहलानं केलेला प्रत्येक बदल लक्षात राहत नाही. पॅनेल चुकून काढून टाकलं असे फोन आम्हाला येतात ते बहुतेक प्लाझ्मावाल्यांचेच.

सिनॅमनचं टेबल लिनक्स मिंटचे लोक मांडतात. लोकांच्या हातांना जे वळण लागलं आहे ते मोडायचं नाही, हे त्यांचं धोरण. त्यात चमकदार काही नाही. एक्सएफसीई त्याहून पुराणमतवादी. ओलिव्हिए फूर्दाँ यांनी १९९६ मध्येच सुरू केलेलं हे काम अगदी सावकाश चालतं. ४.१२ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि ४.१४ यायला २०१९ उजाडलं. हौशी मंडळी याला हसतात. पण ज्याला चार वर्षं टेबलावरचं काही हलायलाच नको आहे, त्याच्यासाठी हा मोठा गुण आहे.

टेबल कितीदा उलथवलं?

नवखा हा प्रश्न कधीच विचारत नाही. म्हणून जाणकारानं तो त्याच्या वतीनं विचारला पाहिजे.

जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आलं. सगळं नव्यानं लिहिलेलं, पण कच्चं. डिस्ट्रोंनी ते घाईनं लोकांना दिलं आणि बरेच जुने केडीईवाले दुरावले. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि ग्नोम २ चं परिचित टेबल गेलं. त्याच वर्षी उबुंटूनं युनिटी हे स्वतःचं टेबल सर्वांपुढं ठेवलं, सहा वर्षं चालवलं, आणि २०१७ मध्ये गुंडाळून पुन्हा ग्नोमकडे आले. ज्यांनी युनिटीची सवय करून घेतली होती त्यांची सवय वाया गेली.

या उलथापालथीतूनच नव्या चुली मांडल्या गेल्या. ग्नोम २ जिवंत ठेवायला अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं माटे सुरू केलं. नाव तिकडच्या चहासारख्या पेयावरून. मिंटवाल्यांनी ग्नोम ३ चाच पाया घेऊन सिनॅमन उभं केलं. म्हणजे आज नवख्याला जी 'भरमसाट निवड' दिसते, ती कुणीतरी एकेकाळी घेतलेल्या हरकतीतून आली आहे. हरकत घेऊन काम पुढं चालवता येतं, हेच मुक्त स्रोताचं मर्म. विंडोज ८ मध्ये स्टार्ट मेन्यू गेला तेव्हा लोकांना फक्त तक्रार करता आली.

लिनस टोरवाल्ड्स यांचंच बघा. २००५ मध्ये त्यांनी ग्नोमवर जाहीर टीका केली आणि केडीई वापरा म्हणाले. केडीई ४ आल्यावर ग्नोमकडे गेले. ग्नोम ३ आल्यावर वैतागून एक्सएफसीईकडे. २०१३ मध्ये परत ग्नोम. कर्नल ज्यांनी लिहिला त्यांनाही टेबल मांडणाऱ्यांच्या निर्णयांमागं फिरावं लागलं. तेव्हा "आयुष्यभराचा डेस्कटॉप निवडतो आहे" हे ओझं नवख्यानं डोक्यावर घेऊच नये. निवड बदलता येते. फक्त पहिली निवड अशी असावी की ती बदलावीशी वाटायच्या आत हाताला काम करता यावं.

मराठीची परीक्षा

आता तिसरा प्रश्न. इंग्रजीतले सल्ले वाचून निवड करणाऱ्याला तो सुचतही नाही. पडद्यावर मराठी *दिसणं* हा आता डेस्कटॉपचा प्रश्न राहिलेला नाही. जोडाक्षरं जुळवायचं काम हार्फबझ करतं आणि ते ग्नोमच्या बाजूलाही आहे, क्यूटीच्या बाजूलाही, फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्येही. ज्या लोहित फाँटांवर आपण वर्षानुवर्षं मराठी वाचली ते रेड हॅटनं पुढं आणलेले. एक छोटी गोष्ट मात्र करा. यंत्रणेची भाषा किंवा निदान मजकुराची भाषा 'मराठी' ठेवा. काही फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे असतात, आणि भाषा कळली तरच ते दिसतात.

मराठी *लिहिणं* हा मात्र डेस्कटॉपचा प्रश्न आहे. इथं दोन रस्ते आहेत. तुम्ही इन्स्क्रिप्ट लिहीत असाल, तर तो साधा कीबोर्ड-आराखडा म्हणून कुठल्याही डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये सापडतो. सगळीकडे सोपं. पण तुम्ही रोमन अक्षरं ठोकून मराठी उमटवणारे असाल, म्हणजे आयट्रान्स किंवा गमभनच्या पद्धतीनं, तर 'इनपुट मेथड' लागते, आणि इथं टेबलं वेगळी पडतात.

ग्नोममध्ये आयबस ही यंत्रणा आतच बसवलेली आहे. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये अधिकचं चिन्ह दाबायचं, मराठी निवडायची, सुपर आणि स्पेस दाबून अदलाबदल करायची. काही डिस्ट्रोंत एम१७एनचं एक पॅकेज आधी घालावं लागतं, बस्स. प्लाझ्मात वेलँडवर असाल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स ५ बसवून ते 'व्हर्च्युअल कीबोर्ड' नावाच्या सेटिंगमध्ये निवडावं लागतं. आता मराठी टाइप करू पाहणारा माणूस व्हर्च्युअल कीबोर्डच्या खणात कशाला हात घालेल? सेटिंग सगळी तुमच्या हाती देणारं घर इथं किल्लीच भलत्या ठिकाणी ठेवतं. एक्सएफसीईतही आयबस वेगळं सुरू करून एकदा लॉगआउट करावं लागतं. अशक्य काहीच नाही, पण कुणीतरी शेजारी बसून एकदा करून द्यावं लागतं.

म्हणून लाइव्ह पेनड्राइव्हवर वॉलपेपर बघत बसू नका. पाच शब्द टाइप करून बघा: *कऱ्हाड, सुऱ्या, बाळ, ॲप, ज्ञानेश्वरी*. मराठीचा अर्धा र आणि ळ विनासायास आले, फाइलच्या नावात आले, शोधपट्टीत आले, तर टेबल आपलं. या परीक्षेत ग्नोम पहिलं येतं. रोज मराठी लिहिणाऱ्यानं मिनिमाइझचं बटण नाही म्हणून ते सोडून देऊ नये.

मग घ्यायचं काय?

आमचं मत सरळ सांगतो. *तुमच्या डिस्ट्रोचा जो मूळ डेस्कटॉप आहे तोच घ्या, आणि त्यावर महिनाभर तुमचं खरं काम करा.* मिंट घेतलंत तर सिनॅमन. उबुंटू किंवा फेडोरा वर्कस्टेशन घेतलंत तर ग्नोम. मूळ डेस्कटॉपची सर्वांत जास्त चाचणी होते, अडलं तर उत्तरं त्याच्यासाठीच लिहिलेली सापडतात, आणि शेजारी मदत करणाराही बहुधा तेच वापरत असतो. प्लाझ्मा हवं असेल तर ज्या डिस्ट्रोत त्याला मानाचं स्थान आहे ती घ्या. फेडोरानं २०२५ मध्ये ४२ व्या आवृत्तीपासून प्लाझ्माला वर्कस्टेशनच्या बरोबरीचा दर्जा दिला आहे.

म्हणजे निवड खरी कशाची? आधी माणसांची, मग टेबलाची. तुम्हाला फोनवर मदत करणारा भाचा मिंट वापरत असेल तर तुमच्यासाठी मिंट उत्तम. हे ऐकायला तांत्रिक वाटत नाही, पण आम्ही पाहिलेली जी यंत्रं वर्षानंतरही लिनक्सवर टिकली, त्यांच्यामागं बहुतेक वेळा असा एखादा भाचा किंवा शेजारीण होती.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: वेलँड आणि एक्स११ या वादाचं नवख्यानं काय करायचं?*

पडद्यावर चित्र पोचवायची ही जुनी आणि नवी व्यवस्था. एक्स११ १९८७ चं, वेलँडची सुरुवात २००८ ची. ग्नोम आणि प्लाझ्मा वेलँडवर स्थिरावले आहेत. उबुंटू २५.१० पासून ग्नोमचं एक्स११ सत्र मिळतच नाही. सिनॅमन आणि एक्सएफसीई सावकाश त्या वाटेवर आहेत. नवख्यानं डिस्ट्रो जे देते ते घ्यावं. दोन पडदे वेगवेगळ्या आकाराचे जोडत असाल तर वेलँड बरं पडतं.

*प्रश्न: आमचं डीटीपीचं काम. जुन्या फाँटातल्या शेकडो फायली आहेत. कुठल्या डेस्कटॉपवर उघडतील?*

कुठल्याच डेस्कटॉपशी याचा संबंध नाही. त्या फायलींत आत इंग्रजी अक्षरांचे संकेत आहेत आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो. तो फाँट बसवला तर मजकूर दिसेल, पण शोधता येणार नाही, फाँट बदलला की कचरा दिसेल. ते युनिकोडमध्ये आणणं हे वेगळं काम आहे आणि लिनक्सवर यायच्या आधी हाती घ्यावं असं आहे. तोवर तेवढ्या कामासाठी जुनं यंत्र इंटरनेटला न जोडता बाजूला ठेवा.

*प्रश्न: वडील सत्तरीचे आहेत. त्यांना एकदम विंडोजसारखं दिसणारं द्यावं का?*

सवय ही कमावलेली गोष्ट असते, म्हणून सिनॅमन द्या. पण "हे विंडोजच आहे" असं सांगू नका. पहिल्यांदा डाउनलोड केलेली एक्झी फाइल उघडली नाही की त्यांना फसवल्यासारखं वाटेल. "टेबल ओळखीचं आहे, घर नवीन आहे," एवढं सांगा. आणि तुम्ही निघायच्या आधी त्यांच्याच हातून एक पत्र मराठीत लिहून, जतन करून, छापून घ्या. ते जमलं की मग घरी जा.